चार कप

९ मे, गुरुवार

ही वही अंगणवाडीची आहे. मी निवृत्त झाले त्या साली आहाराचं एक रजिस्टर कोरंच उरलं, जमा करायचं राहून गेलं. रकाने छापलेले आहेत: बालकाचे नाव, वय, वजन, दिलेला आहार. बालकाच्या नावाच्या जागी आज लिहिलं, सेवकराम मेश्राम. वय सदुसष्ट. वजन बासष्ट, त्यातलं बरंचसं पायाच्या सुजेचं.

काल यांना नागपूरच्या दवाखान्यातून अड्याळला घरी आणलं. अकरा दिवस तिथे होतो. किडन्या थकल्या, हृदयही जोर लावत नाही, म्हणून प्यालेलं पाणी अंगातच साचतं, असं सांगितलं. सुटी देताना डॉक्टर घाईत होते. म्हणाले, "आजी, पाणी मोजून द्या. किती ते कार्डावर लिहिलं आहे. तीन आठवड्यांनी दाखवायला आणा." कार्डावर मुंग्यांची रांग. शेवटी एकचा आकडा आणि इंग्रजी एल, एवढंच ओळखू आलं. एक्स-रेवर डाव्या बाजूला एल असतो हे मला माहीत आहे. डावी किडनी जास्त बिघडली असणार.

कार्डाचा फोटो काढून अश्विनला पाठवला. आमचा एकुलता एक. सहा वर्षं झाली अमेरिकेत आहे. इथल्या डॉक्टरचं अक्षर वाचायला पोराला अमेरिकेत जावं लागलं, असं हे म्हणाले. सूज अंगाला आली आहे, जिभेला नाही.

१० मे, शुक्रवार

सकाळी सातला अश्विनचा व्हिडिओ कॉल. मागे सून तृप्ती उभी होती. तो म्हणाला, "आई, वाचलं मी कार्ड. दिवसाचे चार कप. पानी, चाय, वरन, ताक, सगळं मिळून चार. त्याच्यावर एक घोट नाही."

मी विचारलं, "कप म्हणजे कोणता रे?"

"कप म्हणजे कप, आई. नेहमीचा. अंगणवाडीत मापाची मास्टरीन तू होती, अन् मले विचारून राहिली?"

दुपारपर्यंत तृप्तीनं मराठीत तक्ता करून पाठवला. मी तो झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत छापून आणला आणि चिकटपट्टीनं भिंतीवर लावला. चार निळे कप, दांडीवाले, वर वाफ. खाली कोपऱ्यात बत्तीसचा आकडा आणि इंग्रजी ओ, झेड. मी फोन करून विचारलं, हे बत्तीस ओझं कसलं? तृप्ती खूप हसली. "आई, ते इथलं माप आहे. तुम्ही फक्त कप पाहा."

तर कप. कपाटातला सेट खाली काढला. अश्विन बारावीत तालुक्यात पहिला आला तेव्हा यांनी हौसेनं आणलेले सहा कप, पांढरे, गुलाबी फुलाचे. पाव लिटर दुधात हे अडीच कप भरतात, मला पाठ आहे. त्यातला एक यांच्यासाठी वेगळा ठेवला. काठाच्या जरा खाली नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली, म्हणजे रोज एकसारखं माप. शेजारच्या बायजाबाईच्या नातीची नेलपॉलिश. तीस वर्षं पोरांना खिचडी मोजून वाढली आहे, मापात माझी कोणी चूक काढली नाही.

१२ मे, रविवार

सकाळी चहा अर्धा कप. गोळ्यांना पाणी अर्धा. जेवताना एक. दुपारी एक. रात्री जेवण-गोळ्या मिळून एक. झाले चार. वरण बंद, सुकी भाजी-पोळी सुरू. भातही कोरडाच.

हे म्हणाले, "रत्ना, घास उतरून नाही राहिला."

मी म्हटलं, "चावून खा. बत्तीस दात दिलेत."

"बत्तीस कुठले? अठरा उरले."

हसलो दोघंही. मतदानाची शाई यांच्या बोटावर अजून आहे, नखासोबत वर सरकते आहे.

१५ मे, बुधवार

बायजाबाई आली होती. यांच्याकडे पाहून म्हणाली, "माय, मानूस सुकून राहिला न! पानी पाज त्याले. एवढ्या तपनीत कपकप काय मोजतं?"

मी तक्ता दाखवला. म्हटलं, माझा पोरगा अमेरिकेतून मोजून पाठवतो. लोकांना वाटतं मायेनं माणूस बरा होतो. मापानं होतो. अंगणवाडीत जुलाबावरची साखर-मिठाची एक पुडी कमी पाण्यात कालवली तर पोराचं काय होतं, ते मी बायांना किती वेळा समजावलं. लिटरभर पाण्यात एक पुडी, ना कमी ना जास्त.

ओठ फुटले आहेत. ओलं फडकं फिरवते. फडक्यातलं पाणी हे चोखतात, म्हणून आता पिळून फिरवते.

१८ मे, शनिवार

आज यांनी पाणी मागितलं. मला वाटलं थट्टाच करतात.

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, या माणसानं पाणी कधी मागितलं नाही. तीस वर्षं गावोगाव डाक वाटली, उन्हातान्हात, पण कोणाच्या दारात पाणी मागितलं नाही. गळ्यात स्वतःची बाटली. घरीसुद्धा उठून स्वतः घेतील. यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर ओंजळ करून उभं राहावं लागे. कोणी वरून ओतलं तर प्यायचं, किती ओतायचं ते ओतणाऱ्याच्या मर्जीवर. छप्पन्न साली बुद्धाला शरण गेल्यावर यांच्या वडिलांनी सर्वांत आधी काय केलं, तर अंगणात विहीर खोदली. घरात देव नव्हता, विहीर होती. आमच्या घरात पाणी मागायचं नाही, ही रीत तिथून.

तर आज म्हणाले, "रत्ना, एक कप जास्त दे. उद्याच्यातून कापून घेजो."

मी नाही म्हटलं.

तेव्हा हसून म्हणाले, "आमच्या बुढ्याले लोकं वरून ओतत. तू रेघेपर्यंत ओतते. तरक्कीच हाय म्हना."

मला राग आला, मग रडू आलं. दोन्ही स्वयंपाकघरात जाऊन आवरलं. आजचे चार कप पूर्ण.

२० मे, सोमवार

वजन सत्तावन्न! पायाची सूज पूर्ण उतरली. घोट्याची हाडं दिसतात, बोट दाबलं तर खड्डा पडत नाही. अश्विनला कॅमेऱ्यावर पाय दाखवले. त्याचा चेहरा फुलला. "आई, तू कमाल केली. चारच कप देऊन राहिली ना?"

"चारच. काल तर साडेतीनात भागवलं."

"साडेतीन कायले? चार दे पूर्ण. तेवढे लागतात."

जून संपता संपता येतो म्हणाला. बाबांसाठी काहीतरी घेऊन ठेवलं आहे, काय ते सांगत नाही. फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "पोरगा खूश झाला न? मंग झालं." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मला वाटलं होतं, वजन ऐकून हेही खूश होतील.

२३ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमा. दरवर्षी विहारात खीर वाटायला हे पुढे. आज उभे राहिले आणि पोटरीत गोळा आला, ओरडलेच. खाटेवर बसूनच मेणबत्ती लावली. वंदना म्हणताना आवाज फुटेना, जीभ टाळूला चिकटत होती. मीच म्हटली.

खीर अर्धा कप दिली. दुपारच्या पाण्यातून तेवढी कापली. यांनी कप उलटा करून बोटानं पुसून खाल्ला. सत्तरीला आलेला माणूस, अंगणवाडीतल्या पोरासारखा. मी दुसरीकडे पाहिलं.

बाहेर आग आहे. डांबर चपलेला चिकटतं. पंखा गरम वाराच फेकतो.

२५ मे, शनिवार

आजचं लिहू नये असं वाटत होतं.

दुपारी माझा डोळा लागला. जाग आली तर खाट रिकामी. न्हाणीत सापडले. भिंतीला धरून बसले होते आणि अंघोळीच्या बादलीतून मगानं पीत होते. मी यांच्या हातातला मग हिसकावला. जोरात. तोंडातलं पाणी सदऱ्यावर सांडलं. मी ओरडले, "मरायचं आहे का तुम्हाला?"

वर पाहून म्हणाले, "माह्या बापाची विहीर हाय, रत्ना."

एवढंच बोलले. मी यांना उचलून खाटेवर आणलं. उचलताना जड लागले नाहीत. मग न्हाणीतली बादली उचलून बायजाबाईकडे ठेवली. किती प्यायले कोण जाणे, म्हणून रात्रीचा कप दिला नाही.

वाईट बायको कशी असते हे मला माहीत नव्हतं, आज वाटलं अशीच असेल. पण पुन्हा फुगले, पुन्हा दवाखान्यात नेलं, तर पोराला काय तोंड दाखवू? मी यांना जगवते आहे. हे समजून घेऊन मला एकटीलाच निभवायचं आहे.

२७ मे, सोमवार

सकाळपासून भ्रमल्यासारखे. मला म्हणाले, "करडीची डाक राहिली, सायकल काढ." करडी इथून किती लांब, यांच्या हद्दीतही नव्हती. लघवी दिवसात एकदाच, चहासारखी. डोळे आत गेलेत.

अश्विनला फोन केला. तो घाबरला. "आई, उद्याच दवाखान्यात ने. तारखेची वाट नको पाहू." उद्या सकाळी दहाची गाडी सांगितली आहे.

संध्याकाळी शुद्धीवर होते. माझा हात धरून म्हणाले, "रत्ना, एक गिलास. भरून."

मी म्हटलं, "उद्या डॉक्टरला विचारून देते. नक्की देते."

मान हलवली. हट्ट केला नाही. आजचे कप चार, पूर्ण दिले.

३१ मे, शुक्रवार

अठ्ठावीसला हे गेले. भंडाऱ्याला पोचायच्या आधी, गाडीत, माझ्या मांडीवर डोकं होतं. मला आधी कळलंच नाही, झोपले असं वाटलं. तिथल्या डॉक्टरनं पाहिलं आणि म्हणाले, "अंगात पाणीच उरलं नाही. उष्माघात. किडनीचा पेशंट, त्यात हे ऊन." ते आणखी काही विचारणार होते, तेवढ्यात दुसरं कोणीतरी आणलं गेलं.

माझ्या पिशवीत बाटली होती. त्या दिवसाचे उरलेले तीन कप, मोजून भरलेले. डॉक्टरला विचारून देणार होते. ते तसेच घरी परत आले.

अश्विनची वाट पाहणं शक्य नव्हतं, या उन्हात. त्याच दिवशी सगळं झालं. तो आज पहाटे पोचला. दारातच बसला, आत येईना. मग विहिरीवर गेला, पोहरा ओढला आणि तोंडावर पाणी मारत राहिला. मी थांब म्हटलं नाही.

२ जून, रविवार

अश्विननं बॅग उघडली. बाबांसाठी आणलेली वस्तू काढून ओट्यावर ठेवली. जाड काचेचं भांडं, दांडी असलेलं. अंगावर लाल रेघा. "सकाळी एकदा भरायचा अन् दिवसभर पुरवायचा, म्हनून घेतला होता. तुले सारखं मोजत बसायचं काम नको." मग तो मृत्यूच्या दाखल्याचं विचारायला सरपंचांच्या घरी गेला.

मी भांडं हातात घेतलं. चांगलं माप दिसलं की माझा हात जातोच. एका अंगाला कप लिहिलेलं, एक, दोन, तीन, चार. चारच्या बाजूला बत्तीस आणि तेच ओ-झेड. दुसऱ्या अंगाला एमएल. ते मला वाचता येतं. चार कपांच्या रेघेसमोर, केसभर वर, हजार.

हजार एमएल म्हणजे लिटर.

मी लाल रेघेचा कप घेतला. रेघेपर्यंत भरून ओतला. एक. दोन. तीन. चार. पाणी दोनच्या रेघेलासुद्धा लागलं नाही. वाटलं मोजण्यात चुकले. ओतून टाकलं, पुन्हा मोजलं. मग पुढे ओतत गेले. पाच, सहा, सात. हजाराला दहा पूर्ण होऊन वर थोडं लागलं.

कार्ड काढून पाहिलं. एकचा आकडा आणि एल. डावी किडनी नव्हे. एक लिटर.

नागपूरच्या डॉक्टरनं लिटर लिहिलं. ते अमेरिकेत जाऊन कप झालं आणि माझ्या कपाटात येऊन चहाचा कप झालं. पोरगा एकदा जरी लिटर म्हणाला असता, तरी मला झोपेतही कळलं असतं. तीस वर्षं दुसरं काय शिकवलं मी? तो तिकडच्या मापात जगतो, त्याच्या जिभेवर तेच आलं. त्याचा काय दोष? तो म्हणाला कप, मी ऐकलं कप. मी विचारलंही होतं कोणता म्हणून. नेहमीचा म्हणाला. त्याचा नेहमीचा आणि माझा नेहमीचा वेगळा झाला आहे, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

अठरा दिवस. रोजचे सहा कप मी यांच्या तोंडचे काढले. त्यांच्या बापाच्या विहिरीचं पाणी, त्यांच्याच घरात. आजोबांना परक्यांनी तहानलेलं ठेवलं, यांना मी ठेवलं. तेही मापून, मायेनं, वहीत लिहून. बायजाबाईला लिहिता येत नाही, तिला दिसलं होतं. मला तक्ता दिसत होता.

मी विहिरीच्या काठाशी जाऊन बसले. खूप रडले. यांना हाक मारली. माफी मागायची म्हटलं तरी ती घेणारं कोणी उरलं नाही.

फाटक वाजलं तेव्हा उठले. भांडं पुसून तांदळाच्या ड्रममध्ये खोल पुरलं. अश्विनला हे कळता कामा नये. मी किती वर्षांची सोबती? त्याला अजून चाळीस वर्षं काढायची आहेत. हे बत्तीस ओझं मीच घेऊन जाईन.

५ जून, बुधवार

पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी आले होते. माणसं खूप. यांनी ज्यांना मनिऑर्डरी दिल्या त्या सगळ्या बाया आल्या. सगळ्यांना चहा त्याच कपांतून गेला, दुसरे कप घरात नाहीत.

माणसं पांगल्यावर अश्विन कप घेऊन बसला होता. चहा संपला तरी कप हातातच होता. म्हणाला, "आई, बाबांले पानी कशातून देत होती?"

मी आधीच ठरवून ठेवलं होतं. "मोठ्या स्टीलच्या ग्लासातून. चार ग्लास. भरून."

"भरून?"

"काठोकाठ. मापात चुकते का मी?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग उठला, माझ्या पायाशी बसला आणि डोकं मांडीवर ठेवलं, लहानपणी ठेवायचा तसं. "तुह्यं काहीच चुकलं नाही, आई," म्हणाला. "आयक, तुह्यं काहीच चुकलं नाही." दोन-तीनदा म्हणाला. खोटं बोलून पोराकडून असं ऐकून घ्यायचं, यापेक्षा शिक्षा ती कोणती? तरी जीव थोडा हलका झाला.

९ जून, रविवार

अश्विन आज गेला. माझ्यासोबत चल म्हणाला. मी नाही म्हटलं. विहिरीवर पाणी भरायला कोणी हवं.

निघण्याआधी चहा घेतला. कप स्वतः धुतला, पुसला आणि म्हणाला, "आई, यातला एक नेऊ काय?"

मी म्हटलं, "ने. तिकडे मोठाले कप असतात म्हणतात, एवढ्याशा कपात तुझा चहा तरी मावेल का?"

"चायसाठी नाही. असाच ठेवीन."

सहांतून त्यानं लाल रेघेचा निवडला. सदऱ्यात गुंडाळून, सामानात न टाकता खांद्यावरच्या पिशवीत ठेवला. रेघ कशाची ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. काचेच्या भांड्याचीही आठवण काढली नाही. बरं झालं, काय सांगायचं ते मला सुचलं नव्हतं.

गाडी गेल्यावर आत आले. भिंतीवरचा तक्ता दिसला नाही. चिकटपट्टीच्या चार खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. आज मी तो काढून चुलीत घालणार होते, म्हणजे पुन्हा आला तर त्याच्या नजरेला पडू नये. त्यानंच काढला असेल. बाबांची आठवण येत असेल पाहून.

रकान्यात लिहायला आता काही नाही, ही वही इथे बंद करते. पोराला काहीच कळलं नाही. तेवढं एक माझ्या हातून नीट झालं.